ओठ वाचणारा भाइना

पांडेसऱ्याच्या जीआयडीसीतल्या लूमच्या खात्यात एकदा साचे सुरू झाले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा आवाजही ऐकू येत नाही. तिथं बोलणं चालतं ते ओठांच्या हालचालीवर आणि हातांच्या खुणांवर. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, मनगटावर टिचकी मारली की ‘वाजले किती?’, तळहात आडवा फिरवला की ‘बीम संपत आलं’. नव्या पोराला हे शिकायला दोन-तीन महिने लागतात. जुन्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की घरी बायकोशी बोलतानाही त्यांचे हात हलत राहतात.

अशाच एका खात्यात जिभाऊ आणि भाइना समोरासमोरच्या रांगांत काम करत होते. जिभाऊ अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले. विहीर आटली तसे ताप्ती लाइनच्या गाडीत बसून उधन्याला उतरले ते सुरतेचेच झाले. भाइना ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला. त्याच्याकडे थोरल्या भावाला भाइना म्हणतात, आणि खात्यातल्या गंजामच्या पोरांनी त्याला तीच हाक मारली म्हणून सगळ्यांचाच तो भाइना झाला. एकाच्या घरात अहिराणी, दुसऱ्याच्या घरात उडिया, दोघांच्या मध्ये मोडकीतोडकी हिंदी. तरी इतक्या वर्षांच्या सोबतीनं एकमेकांचे ओठ त्यांना तोंडपाठ झाले होते. जिभाऊंच्या तोंडात मावा असला तरी ते काय म्हणताहेत हे भाइनाला बरोबर कळायचं.

मावा तसा जिभाऊंच्या तोंडात कायमच असायचा. बारा तासांची पाळी, त्यात एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रातपाळी; डोळा लागू नये म्हणून सुपारी, चुना, तंबाखू. मजुरी मीटरवर. साचा चालला तर पैसा, थांबला तर खाडा. त्यामुळे आजारपणाची त्यांची व्याख्याही ठरून गेली होती. ताप आला, पोट दुखलं, पाठ धरली तर आजार. काही दुखत नसेल तर माणूस ठणठणीत.

ह्याच हिशेबानं त्यांनी बीपीची गोळी सोडली होती. झालं असं, की महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रातली एक ताई चाळीत आली होती. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर ती तपासत होती. जिभाऊंच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून ती थबकली. पुन्हा मोजलं. १७६ आणि १०८. ती म्हणाली, “काका, १४० आणि ९०च्या वर गेलं की आम्ही जास्त म्हणतो. तुमचं फारच आहे. उद्याच केंद्रावर या.” जिभाऊ गेले. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली, मीठ कमी करायला सांगितलं, तंबाखू सोडायला सांगितली. गोळी फुकट मिळत होती. दोन महिने त्यांनी ती इमानानं घेतली. मग पुन्हा बीपी मोजलं, तर १३४ आणि ८४.

“म्हणजे बरं झालं ना?” जिभाऊंनी विचारलं.

“गोळीमुळे आटोक्यात आहे,” ताई म्हणाली. “थांबवू नका.”

घरी येताना मात्र त्यांच्या डोक्यात एवढंच राहिलं की आकडा खाली आला. त्यात लूमवरच्या कुणीतरी सांगितलं, “एकदा गोळीची सवय लागली की जन्मभर सुटत नाही.” जिभाऊंनी गोळी बंद केली. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही, काहीच झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला.

त्यांच्याच चाळीत, तीन खोल्या सोडून, अण्णा राहत होते. अण्णांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते उठले तर डावा हात लुळा. घरच्यांना वाटलं, हात अंगाखाली दबला असेल. दुपारी पायही ओढू लागला. शेजारणी म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. संध्याकाळी त्यांना गाडीत घालून गावी नेलं. तिथं तेलाची मालिश झाली, कबुतराचं रक्त चोळून झालं, अंगारा लावून झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, तेव्हा त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून सांगितलं, मेंदूचा हा भाग मेला आहे, आता व्यायामानं जे परत येईल ते आपलं. अण्णा चालतात, पण भिंतीला धरून. शर्टाची बटणं त्यांची सून लावते. चाळीतली माणसं अण्णांकडे बघून हळहळत होती, त्यांच्या नशिबाला बोल लावत होती. नशिबाच्या आधी वेळ गेली होती, हे कुणी बोललं नाही.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. गाव सोडलेला खानदेशी माणूस कुठंही असो, कानबाई सोडत नाही. जिभाऊंच्या खोलीत भाऊबंद जमले, रोट झाले, रात्रभर गाणी झाली. सोमवारी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं. दुपारी घरी परतल्यावर जिभाऊ चहाचा कप हातात घेऊन बसले आणि कप उजव्या हातातून निसटला. बोटांत ताकदच नव्हती. त्यांना म्हणायचं होतं, ‘फडकं आण’, पण जीभ जड झाली आणि शब्द चिखलातून निघाल्यासारखे निघाले.

“काय व्हयनं तुमले?” बायकोनं घाबरून विचारलं. चाळीत सगळे तिला माई म्हणत.

दहा-बारा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला. जीभ मोकळी झाली. जिभाऊंनी मूठ उघडझाप करून दाखवली. “काही नही व्हयनं. रातभर जागरण, दुसरं काय.”

माईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दाजी, म्हणजे जिभाऊंच्या बहिणीचे यजमान, कानबाईसाठी आलेले होते. ते म्हणाले, “उपाशीपोटी पित्त झालं असेल.” लिंबू-सरबत झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

खरं तर सुटकेचा नव्हे, धावायचा क्षण तो होता. मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरेत गुठळी अडकते, आणि कधी कधी आपोआप विरघळून रक्त पुन्हा वाहू लागतं. तोंड सरळ होतं, हात उठतो, बोलणं परत येतं. डॉक्टर ह्याला लहान झटका म्हणतात. ह्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढचे काही आठवडे तो टळलेला नसतो. त्याच दिवशी दवाखाना गाठला, तर शिरा, हृदय, बीपी आणि साखर तपासून मोठा झटका बऱ्याचदा रोखता येतो. जिभाऊंच्या घरात त्या सोमवारी इतकी माणसं होती. त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

गुरुवारी जिभाऊंची रातपाळी होती. सातला साचे सुरू झाले. आठ पन्नासच्या सुमाराला जिभाऊंनी मनगटावर टिचकी मारून भाइनाला वेळ विचारली. भाइनानं बोटांनी सांगितली. जिभाऊ हसले, काहीतरी म्हणाले, कामाला लागले.

नऊ वाजून गेले. एका साच्याचा धागा तुटला. जिभाऊ तिथं उभे होते, पण धागा जोडत नव्हते. भाइनानं हात हलवून विचारलं, काय झालं? जिभाऊंनी उत्तर दिलं. ओठ हलले. आणि भाइनाला काहीच वाचता आलं नाही.

त्याला आधी वाटलं, तोंडात मावा असेल. मग नीट बघितलं. ओठांची डावी बाजू हलत होती. उजवी बाजू जागच्या जागी लोंबत होती आणि त्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर उतरली होती. जिभाऊंनी खूण करायला उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि खाली पडला.

भाइनानं आपले आठही साचे बंद केले. चालत्या पाळीत आठ साचे एकदम बंद झाले तसं खात्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्यानं जिभाऊंच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर आणलं, फाटकाजवळच्या दिव्याखाली बसवलं आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“जिभाऊ, दाँत दिखाओ.”

जिभाऊंनी दात दाखवले. हसू एकाच बाजूला आलं.

“दोनों हाथ ऊपर करो. ऐसे ही रखो.”

डावा हात वर राहिला. उजवा हळूहळू खाली सरकला.

“मेरा नाम बोलो.”

जिभाऊंच्या तोंडून ‘भ’ निघाला आणि पुढं नुसता घोगरा आवाज. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. त्यांना सगळं कळत होतं, बोलता येत नव्हतं.

तोवर माणसं जमली. एकानं पाण्याची बाटली पुढं केली. भाइनानं ती हातानं बाजूला सारली. “पानी नहीं. गले में अटकेगा.” एक जण म्हणाला, कांदा हुंगवा. दुसरा म्हणाला, माझ्याकडं बीपीची गोळी आहे, जिभेखाली ठेवू. तिसऱ्यानं सांगितलं, रक्त पातळ करायची गोळी द्या, मोबाइलवर बघितलंय. भाइना प्रत्येकाला एकच सांगत होता, काही देऊ नका, १०८ लावा. मुकादमानं रुग्णवाहिकेला फोन लावला. भाइनानं जिभाऊंना डाव्या कुशीवर वळवलं, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि घड्याळ बघितलं. नऊ चौदा.

एवढ्यात निरोप मिळून दाजी आले. कानबाईनंतर ते काही दिवस जास्त राहिले होते. मेहुण्याची अवस्था बघून त्यांचं काळीज हललं आणि जे त्यांना माहीत होतं तेच ते बोलले: “हे तर वारं गेलं. उधन्याहून गाडी मिळेल. आमच्या शेजारच्या गावाला लकव्याचा एक जाणता आहे, तीन मालिशीत माणूस उभा करतो.”

खात्यातली निम्मी माणसं खानदेशची. त्यांनी माना डोलावल्या. दाजी वयानं मोठे, नात्यानं मोठे. भाइना परप्रांतातला, त्यांच्या भाषेतही न बोलणारा. पण तो दाजींसमोर हात जोडून उभा राहिला.

“दाजी, मेरा बड़ा भाई,” तो म्हणाला. मग थांबला. थोड्या वेळानं त्यानं सगळं सांगितलं. गंजाममधल्या गावात त्याच्या भावाचं तोंड असंच वाकडं झालं होतं. घरच्यांनी दोन दिवस झाडपाला केला. ब्रह्मपूरच्या मेडिकल कॉलेजात नेलं तेव्हा डॉक्टरनं विचारलं, सुरू केव्हा झालं? ‘परवा,’ असं सांगितल्यावर डॉक्टर काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. तोंड, हात आणि बोली, ह्या तीन गोष्टी बघायला त्याच डॉक्टरनं शिकवलं होतं. भाऊ चार महिन्यांनी गेला. “आप मालिश बाद में करवाना,” भाइना म्हणाला. “पहले चार घंटे मुझे दे दो.”

दाजी गप्प झाले. त्यांना अण्णा आठवले असावेत. गाडी आली तेव्हा पुढं होऊन जिभाऊंचे पाय त्यांनीच उचलले.

१०८ची गाडी उधना दरवाजा ओलांडून मजुरा गेटच्या सिव्हिल हॉस्पिटलला पोहोचली तेव्हा दहा वाजत आले होते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “शेवटचं धडधाकट कधी बघितलं?” कधीपासून बिघडलं हे पुष्कळांना सांगता येत नाही, पण शेवटचं ठीक कधी होतं ते आठवता येतं. भाइनानं लगेच उत्तर दिलं, “आठ पचास. टाइम पूछा था, मुँह सीधा था.”

ह्या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून होतं. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर बघितली, कारण साखर एकदम उतरली तरी माणूस असाच दिसू शकतो. बीपी होतं २०४ आणि ११२. मग लगेच सीटी स्कॅन. तोवर माई आली होती. तिला कळत नव्हतं की माणसाला औषध द्यायचं सोडून फोटो कसले काढतात. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. मेंदूचा झटका दोन तऱ्हेनं येतो. एकात शीर तुंबते, दुसऱ्यात शीर फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुंबलेली शीर मोकळी करायचं औषध फुटलेल्या शिरेच्या माणसाला दिलं तर तो जाऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी घरी तोंडात टाकायची नाही ती ह्याचसाठी.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. शीर तुंबलेली होती. बीपी औषधानं हळूहळू सुरक्षित पातळीवर आणलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं रक्तस्राव होण्याचा थोडा धोका असतो, हेही लपवलं नाही. “शीर बंद असते तेव्हा दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, माई. विचार करा, पण उशीर करू नका.”

माईनं दाजींकडे बघितलं. दाजींनी मान हलवली. तिनं कागदावर सही केली. इंजेक्शन सुरू झालं तेव्हा दहा पन्नास झाले होते. आठ पन्नासपासून बरोबर दोन तास.

पहाटेपर्यंत जिभाऊंची उजवी बोटं हलू लागली. दुसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत उठला. बोलणं परत यायला वेळ लागला. आधी एक शब्द, मग दोन, मग अडखळत वाक्य. ह्या इंजेक्शननं प्रत्येक माणूस उठून चालू लागतो असं नाही. काहींना पुष्कळ गुण येतो, काहींना थोडा, काहींना येतच नाही. पण वेळेत न आलेल्या माणसाला ती संधीही मिळत नाही. जिभाऊंना मिळाली. काही महिने व्यायाम केल्यावर ते स्वतःच्या हातानं जेवू लागले, शर्टाची बटणं लावू लागले. बारीक धागा जोडताना मात्र उजव्या हाताची दोन बोटं अजून चुकतात. मालकानं त्यांना ताके मोजायचं काम दिलं.

हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी एक एक गोष्ट विचारली. बीपी कधी कळलं? गोळी केव्हा सोडली? तंबाखू? सोमवारी कप पडला त्याबद्दल ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “तो कप पडला तेव्हाच तुम्ही इथं यायला हवं होतं,” ते म्हणाले. मग माईच्या दंडालाही त्यांनी पट्टा बांधला. तिचं निघालं १६८ आणि १००. “मला तर काहीच होत नाही,” माई म्हणाली. जिभाऊंनी तिच्याकडे बघितलं आणि अडखळत म्हणाले, “मलेबी काही होत नव्हतं.”

त्या दिवसापासून त्यांच्या घरात दोन गोळ्यांच्या पाकिटांना देव्हाऱ्याशेजारी जागा मिळाली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते माईनं पाळायला घेतलं. दिवसभराचं मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात भाजीतलंच नाही, तर पापड, लोणचं, फरसाण, शेवभाजीतल्या शेवेचंही धरायचं. माईची मिसरी सुटली. जिभाऊंचा मावा सुटायला फार त्रास झाला. पहिले काही दिवस ते चिडचिड करत होते, रात्री उठून बसत होते. पण सुटला. साखर तपासली, हृदयाचे ठोके नियमित आहेत का हे बघायला ईसीजी काढला, कारण ठोके वेडेवाकडे पडत असले तर हृदयात गुठळी तयार होऊन मेंदूत जाऊ शकते. संध्याकाळी तेरे नाम चोकडीपर्यंत चालत जाऊन यायचं, असं दोघांनी ठरवलं.

३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात भारतही होता. मेंदूच्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के वाटा आपल्या हातातल्या दहा गोष्टींचा असतो, असं त्यातून दिसलं: बीपी, धूम्रपान, मधुमेह, बैठी राहणी, आहार, पोटाचा घेर, दारू, मनावरचा ताण, हृदयविकार आणि रक्तातली चरबी. त्यात सर्वांत मोठा वाटा बीपीचा. जिभाऊंनी जी गोळी सोडली होती, ती ह्या यादीतल्या पहिल्याच शत्रूवरची होती.

एका रविवारी चाळीतली माणसं अण्णांच्या ओट्यावर बसली होती. दाजीही गावाहून आलेले होते. कुणीतरी जिभाऊंना म्हणालं, “कानबाईची कृपा, म्हणून वाचलात.”

“तिची कृपा आहेच,” जिभाऊ सावकाश म्हणाले. आता ते प्रत्येक शब्द जपून बोलतात. “पण एक सांगतो. १९९४ साली इथं प्लेग आला. मी तेव्हा पोरगाच होतो. सगळी सुरत गाड्यांना लोंबकळून पळाली. मीही पळालो. आमच्या गल्लीत एकालाही प्लेग झाला नव्हता, तरी पळालो. आणि हा बीपी माझ्या अंगात किती वर्षं राहत होता. त्याला मी घाबरलो नाही. का? तर तो दुखत नव्हता.”

कुणी काही बोललं नाही. मग ते अण्णांकडे वळले, त्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, “साच्याचा एक धागा तुटला की आपण काय करतो, अण्णा? साचा थांबवतो. धागा जोडतो. तसाच चालू ठेवला तर सगळा ताका वाया जातो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझा धागा सोमवारी तुटला होता. मी साचा चालू ठेवला.”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, “माझा तर सकाळीच तुटला होता. संध्याकाळपर्यंत सगळे म्हणत होते, झोपेत दबला असेल.”

त्या ओट्यावर त्या दिवशी एक गोष्ट ठरली. खात्यात पाळी बदलताना, सात वाजता, येणाऱ्यानं जाणाऱ्याचं तोंड नीट बघायचं. दात दाखव, हात वर कर, नाव सांग. तिन्हींत एकही बिघडलं असेल तर साचे बंद आणि १०८. मीटर बुडाले तर बुडाले. आरोग्य केंद्रातल्या ताईला चाळीत पुन्हा बोलावलं गेलं, आणि ह्या वेळी पुरुषांची रांग बायकांच्या रांगेपेक्षा लांब होती. दाजींनी आपला हात सर्वांत आधी पुढं केला.

तात्पर्य असं. मेंदूचा झटका बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणूनच तो ज्याला येतो त्याला कळण्याआधी शेजारच्याला दिसतो. ज्याला आपण रोज बघतो त्याच्याकडे नीट बघावं. तोंड एका बाजूला ओढलं किंवा लोंबलं, एक हात किंवा पाय अचानक दुबळा किंवा बधिर झाला, बोलणं अडखळलं किंवा समजेनासं झालं, एका किंवा दोन्ही डोळ्यांनी एकाएकी दिसेनासं झालं, तोल गेला, किंवा आजवर कधी दुखलं नाही असं डोकं अचानक फुटल्यासारखं दुखू लागलं, ह्यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट बघू नका. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी जा. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवा. तोंडात पाणी, अन्न, गोळी काही घालू नका. जवळचा दवाखाना नव्हे, जिथं सीटी स्कॅन आहे असं मोठं हॉस्पिटल गाठा. उशीर झाला असला तरी जा. मोठी शीर तुंबलेल्या काही रुग्णांत नळी घालून गुठळी काढायचा उपाय २४ तासांपर्यंतही करता येतो, आणि तो करायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे.

आणि झटका येण्याआधीचं काम त्याहून सोपं आहे. तुमचं वय तिशीच्या पुढं असेल, तर ह्या आठवड्यात बीपी आणि साखर मोजून घ्या, सरकारी केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत. बीपीची गोळी चालू असेल तर आकडा खाली आला म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका. तंबाखू सोडा. ताटातलं मीठ कमी करा. आणि १०८ हा आकडा घरातल्या लहान मुलालाही पाठ करून ठेवा.